साडेचार की साडेचार हजार?

सदर : सिस्टरांना विचारा

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली. बारावी आर्ट्स, मराठी माध्यम. सध्या धुळ्याला जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातलं काम मला आवडतं, व्हेन (शीर) पटकन सापडते, पेशंट नावाने हाक मारतात. पण ड्रग कॅल्क्युलेशनच्या टेस्टमध्ये २० पैकी ३ मिळाले. फॉर्म्युले सगळे पाठ होते, तरी. ट्यूटर मॅडम वर्गासमोर म्हणाल्या, "आर्ट्सवाल्यांनी कशाला यायचं नर्सिंगला?" वॉर्डात विचारायला गेलं तर स्टाफ म्हणतात, "एवढं काही नसतं गं, तीस थेंब लावून दे." वडिलांनी कर्ज काढून फी भरली आहे. उद्या माझ्या हातून कुणाला जास्त डोस गेला तर? कधी कधी वाटतं, सोडून द्यावं आणि केळीच्या शेतात राबावं. पेपरचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर :

बेटा, आधी पेपरचं बोलू, रडण्याचं नंतर.

तुझा फोटो मी मोठा करून ओळ न् ओळ वाचला. पहिला प्रश्न : ५०० मिली आरएल (एक सलाईन) ६ तासांत द्यायचं आहे, नळीचा सेट २० थेंबांचा, म्हणजे मिलीला २० थेंब, तर मिनिटाला थेंब किती? तू लिहिलंस ५०० गुणिले २० भागिले ६, उत्तर १६६७. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. फक्त तासांची मिनिटं करायची राहिली. ६ च्या जागी ३६० हवे होते, म्हणजे २८ थेंब. आता गंमत बघ. १६६७ ला ६० ने भाग, २८ च येतात. म्हणजे तू मिनिटाऐवजी सेकंदाला २८ थेंब सोडलेस. माय वं! त्याला थेंब नाही म्हणत, धार म्हणतात. आणि तू तर रोज वॉर्डात सलाईनच्या चेंबरकडे डोळे लावून बसणारी मुलगी. मिनिटाला सतराशे थेंब पडताना तू कधी पाहिलेस का?

दुसरा प्रश्न डोपामिनचा, म्हणजे पंपावरच्या सिरिंजने द्यायच्या रक्तदाबाच्या औषधाचा. तिथे तू उत्तर लिहिलंस ताशी ४५०० मिली. खरं उत्तर ४.५. सिरिंज ५० मिलीची आहे हे प्रश्नातच दिलं होतं. ताशी ४५०० च्या वेगाने ती चाळीस सेकंदांत रिकामी झाली असती. इथेही गुणाकारात चूक नाही. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करायचे राहिले, म्हणून हजारपट.

तेव्हा तुझं गणित कच्चं आहे हे मला मान्य नाही. आकड्यांच्या पुढे जे लिहायचं असतं, म्हणजे मिली, मिग्रॅ, मिनिट, तास, ते तू अख्ख्या पेपरात कुठेच लिहिलेलं नाहीस. नुसते उघडे आकडे. उघड्या आकड्यांना आपण औषध आहोत की पाणी, तास आहोत की मिनिट, हे कळत नाही, आणि मग ते कुठेही जाऊन बसतात. हा दोष आर्ट्सचा नाही. सायन्सच्या मुलींचे पेपरही मी वर्षानुवर्षं तपासलेत, तिथेही हेच. ट्यूटर मॅडमचं ते वाक्य त्यांच्याजवळच राहू दे.

आता तुझ्या वडिलांच्या केळीकडे ये. ठिबक आहेच ना शेतात? जळगाव जिल्ह्यात केळी म्हटली की ठिबक आलंच. समज, एका झाडाला दिवसाला १६ लिटर पाणी द्यायचं आहे आणि ड्रीपर ताशी ४ लिटरचा आहे. मोटर किती तास चालवायची? ४ तास. वीज आज दोनच तास असेल तर? मग झाडाला ८ च लिटर मिळालं, उरलेलं रात्री. हा हिशेब तुझे वडील बांधावर उभ्या उभ्या करतात, कागद न घेता, कारण त्यांना कळतं की लिटर वेगळे, तास वेगळे, आणि 'ताशी लिटर' ही तिसरीच गोष्ट. सलाईनचा हिशेब तोच. बाटलीत किती, किती वेळात द्यायचं, म्हणजे ताशी किती. थेंब त्यानंतर येतात, सगळ्यात शेवटी.

म्हणून माझं पहिलं सांगणं : थेंबांचा फॉर्म्युला काही दिवस बाजूला ठेव. आधी ताशी मिली काढ. ५०० मिली ६ तासांत, म्हणजे ताशी साधारण ८३. एवढं आलं की सेटकडे बघ. आपल्याकडचा साधा सेट बहुधा २० थेंबांचा असतो, म्हणजे २० थेंबांचं १ मिली. मायक्रो सेट ६० थेंबांचा. हे पाकिटावर छापलेलं असतं. पाकीट फाडून लगेच डस्टबिनमध्ये टाकायची सवय आहे ना, ती बदल. आधी वाच, मग टाक. परदेशी पुस्तकांत आणि यूट्यूबच्या व्हिडिओंत १० किंवा १५ थेंबांचे सेट दाखवतात. ती उदाहरणं पाठ करून आपल्या वॉर्डात लावलीस तर उत्तर चुकणारच.

२० च्या सेटला ताशी मिलीला ३ ने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात, कारण ६० मिनिटं भागिले २० थेंब म्हणजे ३. ८३ भागिले ३, झाले २८. मायक्रो सेटला तेवढंही करावं लागत नाही. ६० मिनिटं आणि ६० थेंब एकमेकांना कापतात, म्हणून ताशी ४० मिली म्हणजे मिनिटाला ४० थेंब. घरात आजोबा असतील तर त्यांना विचार, पावकी-दिडकी पाठ असलेल्या त्या पिढीला हे भाग तोंडी जमायचे. तुला तीनाचा पाढा आला तरी अर्धा वॉर्ड पार पडेल.

आता इंजेक्शनांकडे. तुला शिकवलेला फॉर्म्युला 'हवं ते भागिले असलेलं गुणिले मिली' असा आहे. चुकीचा नाही, पण घाईत वरचं खाली आणि खालचं वर होतं आणि कळतही नाही. त्यापेक्षा शाळेत केलेली एकमान पद्धत वापर. औषध कुठलंही असो, आधी एकच प्रश्न : एका मिलीत किती? जेंटामायसिनच्या अँप्युलमध्ये २ मिलीत ८० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत ४०. बाळ ८ किलोचं, डोस किलोला ७.५ मिग्रॅ, म्हणजे ६० मिग्रॅ. ४० ला १ मिली, तर ६० ला दीड. संपलं. सेफ्ट्रायक्झोनची १ ग्रॅमची व्हायल १० मिलीत विरघळवलीस, तर १ मिलीत १०० मिग्रॅ. ४०० हवेत तर ४ मिली. पावडर स्वतःही थोडी जागा खाते, म्हणून किती पाणी घालायचं हे आतल्या कागदावरून घ्यायचं, शेजारच्या व्हायलवरून नाही. लहान बाळांच्या डोसमध्ये तो थोडासा फरकही मोजावा लागतो.

'एका मिलीत किती' हे काढताना लेबल कसं वाचायचं, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा धोका तिथे बसलेला असतो. अँप्युल बोटात धर, उजेडाकडे कर आणि बघ : काहींवर 'प्रत्येक मिलीत इतकं' छापलेलं असतं, काहींवर 'प्रत्येक २ मिलीत इतकं', आणि अक्षर मुंगीएवढं. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपारिनची ५ मिलीची व्हायल घे. एक येते मिलीला १००० युनिटची, दुसरी मिलीला ५००० ची. आकार तोच, झाकण जवळजवळ तसंच. पहिलीत सगळे मिळून ५०००, दुसरीत २५,०००. कुणी घाईत 'पाच हजाराचं हेपारिन आण' म्हणालं आणि तू धावत गेलीस, तर कुठली उचलशील? 'पाच हजार' दोन्हींवर लिहिलेलं सापडेल, एकीवर पूर्ण व्हायलचे म्हणून, दुसरीवर एका मिलीचे म्हणून. तेव्हा परत विचारायचं. शिव्या खाव्या लागल्या तरी विचारायचं.

इन्सुलिनचं तसंच. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या व्हायल सर्रास मिळतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० चं असतं, आणि १०० च्या व्हायलही असतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलंस, तर ते पाव मिली झालं, म्हणजे २५ युनिट. १० च्या जागी २५! पेशंट रात्री दोन वाजता घामाने भिजेल आणि सगळे त्याच्या जेवणाची चौकशी करत बसतील. इन्सुलिनची व्हायल आणि सिरिंज शेजारी शेजारी ट्रेमध्ये ठेवून दोन्हींवरचा आकडा जुळतो का, ते मोठ्याने म्हण. लाज वाटली तर मनात म्हण, पण म्हण.

टक्क्यांची भीती तर तुझ्या पेपरात अक्षरातूनच दिसते, तो प्रश्न तू अर्ध्यात सोडलास. टक्का म्हणजे १०० मिलीत तितके ग्रॅम, एवढंच. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, मिलीला १० मिग्रॅ. म्हणून २ टक्के लिग्नोकेन मिलीला २० मिग्रॅ. लेबर रूमला पोस्टिंग लागेल तेव्हा मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) हातात येईल : अँप्युल २ मिलीची, ५० टक्के. १०० मिलीत ५० ग्रॅम, १ मिलीत अर्धा ग्रॅम, म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. गरोदरपणात झटके आलेल्या पेशंटला सुरुवातीचा डोस ४ ग्रॅम शिरेतून, पण २० टक्के करून. ४ ग्रॅम म्हणजे ८ मिली. २० टक्के म्हणजे १ ग्रॅमला ५ मिली, ४ ग्रॅमला २०. तर ८ मिली औषधात १२ मिली घालायचं, एकूण २०. इथे मुली ८ मध्ये २० घालतात. 'मध्ये घालणे' आणि 'एकूण करणे' यातला फरक एकदा नीट समजून घे, तो सगळीकडे लागतो. मॅगसल्फ चालू असताना गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी बघायची आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये आधीच काढून ठेवायचं, हे तुला शिकवलंच असेल.

अॅड्रेनलिनवर टक्काही नसतो, १:१००० लिहिलेलं असतं. १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. १:१०,००० म्हणजे त्याचा दहावा भाग. झालं.

आता तुझं ते डोपामिन, पूर्ण युनिटसकट. हे एकदा वहीत स्वतःच्या हाताने उतरव.

ऑर्डर : मिनिटाला, किलोला ५ मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो. म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. पंप तासाचा हिशेब मागतो, म्हणून ६० ने गुण : तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. हजाराने भाग : तासाला १८ मिलिग्रॅम. इथे थांब आणि श्वास घे. आता सिरिंज. अँप्युल ५ मिलीची, तीत २०० मिग्रॅ. ती ओढून घेतली आणि एकूण ५० मिली केलं, म्हणजे वर ४५ मिली घातलं. ५० मध्ये २०० तर १ मिलीत ४. तासाला १८ हवेत, मिलीत ४ आहेत. १८ भागिले ४, ताशी ४.५ मिली. या वेगाने ५० मिलीची सिरिंज अकरा तास पुरते. अकरा तास पुरणारी सिरिंज आयसीयूत रोज दिसते. चाळीस सेकंद पुरणारी दिसत नाही.

हे शेवटचं जे केलं ना, उत्तर आल्यावर 'असं वॉर्डात घडतं का?' हे विचारणं, ते मला फॉर्म्युल्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. खरं तर ते गणिताच्या आधीच करावं. कॅल्क्युलेटर उघडण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिही : 'एक अँप्युलपेक्षा कमी', 'साधारण पंचवीस-तीस थेंब', 'दोन-पाच मिली'. मग हिशेब कर. एका इंजेक्शनासाठी तीनपेक्षा जास्त अँप्युल फोडाव्या लागत असतील तर हात आखडता घे, ऑर्डर परत वाच. मॅगसल्फसारखी औषधं याला अपवाद आहेत, पण अपवाद माहीत असतो, तो अचानक समोर येत नाही. कॅल्क्युलेटरला मी विरोध करत नाही. पण बोट चुकून एक शून्य जास्त दाबलं गेलं तर मशीन काही बोलत नाही, आणि दहापट डोस असाच जातो. म्हणूनच लिहिताना ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, कारण टिंब पुसट झालं की ते ५ दिसतं. आणि ५ लिहायचं, ५.० नाही, ते ५० दिसतं. युनिट हा शब्द अख्खा लिही. इंग्रजीत त्याचं नुसतं पहिलं अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं वाचलं जातं आणि १० चे १०० होतात.

'तीस थेंब लावून दे' बद्दल. त्या स्टाफना मी नावं ठेवणार नाही. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतात, वर्षानुवर्षं हात बसलेला असतो, आणि पोट बिघडलेल्या तरण्याताठ्या गड्याला तीस काय नि चाळीस काय, फारसं बिघडत नाही. पण तोच हात हृदयाच्या म्हाताऱ्या पेशंटला, किडनीवाल्याला, बाळाला किंवा पोटॅशियम घातलेल्या बाटलीला लावला तर बिघडतं. पोटॅशियम क्लोराइडची आपली १० मिलीची अँप्युल १५ टक्के असते, मिलीला २ मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक), एकूण २०. ते कधीही थेट शिरेत द्यायचं नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. बाटलीत घातल्यावर बाटली उलटसुलट करून नीट मिसळायचं. लटकलेल्या बाटलीत वरून नुसतं टोचलं तर ते एकाच जागी साचतं आणि तेच आधी खाली उतरतं.

तू विद्यार्थिनी आहेस, तुझ्याकडे वेळ आहे. तर असं कर. सलाईन लावलीस की बाटलीवर उभी ल्युकोप्लास्टची पट्टी चिकटव. सकाळी १० ला ५०० मिली सुरू केलं, ताशी १२५, तर पट्टीवर ११, १२, १, २ अशा खुणा करून ठेव. १२ वाजता पाणी २५० च्या रेघेवर असलं पाहिजे. थेंब घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोज, मिनिटभर मोजायला धीर नसेल तर १५ सेकंद मोजून चारने गुण. आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत ये, कारण पेशंटने हात दुमडला, कुशीवर वळला किंवा नातेवाईकाने 'जरा जोरात सोडू' म्हणून नळीवरच्या चाकाला हात लावला, की तुझे ४२ थेंब २० होतात किंवा ९० होतात. या सगळ्याला वॉर्डात कुणी हसलं तर हसू दे. दुपारच्या शिफ्टची सिस्टर ती पट्टी बघून तुला ओळखायला लागेल.

पावसाळ्यात पोस्टिंग असेल तर सातपुड्याच्या पायथ्याची माणसं रात्री-बेरात्री साप चावला म्हणून येतात, हे तुला चोपड्याची म्हणून वेगळं सांगायला नको. त्या कॅज्युअल्टीत गणित वेगळ्या रीतीने समोर येतं, म्हणून मुद्दाम सांगते. सापाच्या विषावरच्या लसीची पावडर असते, एक व्हायल १० मिली डिस्टिल वॉटरमध्ये. ती गोल गोल फिरवून विरघळवायची, जोरात हलवायची नाही, फेस होतो. सुरुवातीला साधारण ८ ते १० व्हायल देतात. १० धरल्या तर १०० मिली झाले, ते ४०० मिली एनएसमध्ये (साध्या सलाईनमध्ये) घातले, एकूण ५००, एका तासात द्यायचे. २० च्या सेटला मिनिटाला १६७ थेंब येतात, सेकंदाला जवळजवळ तीन. हे कुणाला डोळ्यांनी मोजता येत नाही. तिथे थेंब सोडून द्यायचे आणि पट्टीवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुणा करायच्या, दर खुणेला १२५ मिली. सुरुवातीची मिनिटं पेशंटपासून हलायचं नाही. अंगावर पुरळ, खाज, धाप दिसली तर थांबवून डॉक्टरांना हाक मारायची, आणि अॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं असलं पाहिजे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सगळं किलोवर मोजायला शिकलेली मुलगी इथे फसते. दहा किलोच्या पोराला साप चावला तर तिला वाटतं, व्हायल कमी लागतील. नाही. सापाने विष माणूस बघून कमी सोडलेलं नसतं, म्हणून मुलांनाही व्हायल मोठ्यांइतक्याच. कमी होतं ते फक्त सोबतचं पाणी, ते किलोवर मोजायचं. हा निर्णय अर्थात डॉक्टरांचा, पण त्यांनी लिहिलेलं बघून तुला 'चुकून जास्त लिहिलं' असं वाटायला नको.

किलोचा विषय निघाला म्हणून : नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मुलांचं वय आणि वजन यांचा मेळ पुष्कळदा लागत नाही. 'चार वर्षांचा आहे, असेल पंधरा किलोचा' असं म्हणून डोस काढू नकोस. काट्यावर ठेव, मग काढ. आई सोबत असेल तर आधी आईला मुलासकट तोल, मग एकटीला, आणि वजाबाकी कर.

मोठ्यांसमोर कसं बोलायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते आहे. 'तुमचं चुकलं' म्हणू नकोस, उत्तर मिळणार नाही, फक्त वैर मिळेल. वही पुढे कर आणि म्हण, "सिस्टर, माझे २८ येताहेत, एकदा बघता का?" चांगली सिस्टर बघते. वाईट असेल तर तीही मनात एकदा आकडा मोजते, आणि तुला हवं होतं ते झालं. हेपारिन, इन्सुलिन, पोटॅशियम, इनोट्रोप (डोपामिनसारखी औषधं) यांच्या वेळी दोघींनी वेगवेगळं काढून मग जुळवायचं असतं. तू काढलेलं उत्तर दाखवून "बरोबर आहे ना?" विचारलंस तर समोरची हो म्हणणारच, दमलेली असते. आणि विद्यार्थिनी म्हणून एकटीने कुठलंही इंजेक्शन देऊ नकोस. सांगितलं तरी नाही. 'मॅडमना बोलावते' म्हण आणि निघ.

आता इंग्रजीचं. तुझ्या पेपरात चौथ्या प्रश्नाला 'रिमेनिंग' (उरलेलं) शब्द होता, तू तो सोडून अख्ख्या बाटलीचा हिशेब केलास. तिथे २०० मिली आधीच गेलं होतं. तेव्हा गणितापेक्षा या शब्दांची यादी कर : ओव्हर, पर, रिमेनिंग, डायल्यूट, रीकॉन्स्टिट्यूट, स्टॉक, बोलस, मेंटेनन्स, टायट्रेट. वीस-पंचवीस शब्दांच्या पुढे ही यादी जात नाही. प्रश्न आधी मराठीत एका ओळीत लिही, 'इतकं औषध, इतक्या वेळात, इतक्या किलोच्या माणसाला', मग सोडव. कच्चं काम मराठीत केलं म्हणून कुणी मार्क कापत नाही.

सोडून जाण्याबद्दल. पेशंट तुला नावाने हाक मारतात, व्हेन सापडते, आणि जास्त डोस जाईल का या भीतीने झोप लागत नाही. ती भीती मला आवडली. ती नसलेल्या मुलींची मला जास्त काळजी वाटते. कर्जाचं ओझं खरं आहे, पण एका युनिट टेस्टवरून कोर्स सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. ट्यूटर मॅडमकडे एकटीने जा, हा पेपर घेऊन, आणि विचार, "मॅडम, युनिट न लिहिल्यामुळे माझं चुकतं असं दिसतंय, पुढच्या आठवड्यात मला पाच गणितं द्याल का?" वर्गात बोलणं वेगळं आणि केबिनमध्ये बोलणं वेगळं. बहुतेक जणी देतात.

तोवर माझी तीन घे. अंदाज आधी, युनिट प्रत्येक ओळीला, आणि उत्तरं मला पाठव.

एक : १४ किलोची मुलगी, ताप १०३. पॅरासिटामॉल शिरेतून, किलोला १५ मिग्रॅ. बाटली १०० मिलीची, तीत १ ग्रॅम. किती मिली?

दोन : हेपारिन २५,००० युनिट ५०० मिली एनएसमध्ये घातलं आहे. ताशी १००० युनिट द्यायचे. पंप बंद आहे, हातात मायक्रो सेट आहे. मिनिटाला थेंब किती?

तीन : १ लिटर एनएस ८ तासांत द्यायचं आहे. मिनिटाला थेंब किती?

तिसऱ्याचं उत्तर आकड्यात आलं तर प्रश्न पुन्हा वाच.